‘परत आली’ म्हणण्याआधी

आमच्या ऑफिसात ‘परत आला’ या शब्दांचा अर्थ पक्का आहे. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात पाण्याच्या लाइनीचे व्हॉल्व्ह बनतात आणि मी डिस्पॅच बघते. गिऱ्हाईकाकडून माल परत आला की आधी त्याच्यावरचा नंबर बघायचा. गेलेला आणि आलेला नंबर एकच असेल तरच तो परत आलेला माल. नंबर वेगळा असेल तर माल दुसरा, दिसायला कितीही सारखा असला तरी. नव्याने लागलेली माणसं दिसण्यावर जातात आणि फसतात. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवते.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण हे शब्द फार सैल वापरतो. आमच्या स्टोअरचे साहेब हृदयाचा झटका येऊन वाचले. कामावर हजर झाले त्या दिवशी पेढे वाटत म्हणाले, “पुनर्जन्मच झाला म्हणायचा.” अकाउंट्समधली लगेच म्हणाली, “मग सर्व्हिस आता नव्याने धरायची का साहेब? ग्रॅच्युइटीचं काय?” सगळे हसले, साहेबही हसले. ही बोलण्याची पद्धत झाली, त्यात कोणाचं काही बिघडत नाही. मूल झालं की बायका म्हणतात, आजोबाच आले पोटी. तेही कोणी लिहून घेत नाही.

आमचं घर बौद्ध, पुनर्जन्म न मानणारं. आई असले शब्द उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. कल्याणच्या आमच्या चाळीत कोणी असं काही बोललं की ती हातातलं काम न सोडता म्हणायची, “गेलेलं माणूस माघारी येत नसतं. जे आलंय त्याला नीट वाढवा.” ‘परत’ हा शब्द तिचा नव्हे. ती गावाकडची, तिचा शब्द ‘माघारी’.

आणि अशा घरात मी स्वतः एक परत आलेली मुलगी आहे.

आईची पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन गोवराने गेली. त्यानंतर वर्षाच्या आत मी झाले. वडिलांच्या आईने मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “तीच आली माघारी.” गेलेल्या मुलीचंच नाव मला ठेवलं. आई तेव्हा सासूपुढे बोलत नसे. मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरात जन्माचा दाखला एकच होता, पहिल्या मुलीचा. नाव तेच, आडनाव तेच, आईबाप तेच. वडिलांनी तोच नेला. त्यामुळे शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत माझी जन्मतारीख तिची आहे. वर्गात मी कागदावर सगळ्यांत मोठी आणि उंचीने सगळ्यांत लहान होते. माझ्या खऱ्या वयाच्या आधी मी निवृत्त होणार आहे. यावर मी ऑफिसात पुष्कळ विनोद केले आहेत.

वाढदिवसही त्याच तारखेला व्हायचा. आई शिरा करायची. माझा खरा दिवस चार महिन्यांनी यायचा, त्या दिवशी डाळभात. एका वर्षी मी आईला म्हटलं, “आज माझा वाढदिवस आहे ना?” आई म्हणाली, “झाला की तुझा मागंच.” मी पुन्हा विचारलं नाही. मी तक्रार करणारी मुलगी नव्हतेच. भांडी कुठे लावायची, दूधवाल्याला कधी सांगायचं, धाकट्या बहिणीच्या शाळेत काय न्यायचं, हे सगळं माझ्याकडे असायचं. घरात आपली जागा आपणच कामाने धरून ठेवायची, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. का, ते अलीकडे कळलं.

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला राहते. तिच्या नवऱ्याचं ठाण्याला कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना एकुलती एक मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी ती तापाने गेली. सात वर्षांची होती. त्या दिवसांबद्दल मी एवढंच लिहीन की करायची कामं होती आणि ती मी केली. शाळेत कळवलं. नाचाच्या क्लासच्या बाईंना कळवलं. व्हॅनवाल्याला फोन केला की आता उद्यापासून येऊ नका. तो म्हणाला, “चालेल मॅडम, किती दिवस सुट्टी?” मी म्हटलं, “कायमची.” त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

बहीण रडली नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या दिवशी बौद्धाचार्यांचं सूत्रपठण झालं, जेवणं सुरू झाली, तर ही पंगतीतून फिरून कोणाला भात हवा, कोणाला आमटी हवी, विचारत होती. नातेवाईक म्हणाले, धीराची आहे, ताईवर गेली. मला ते कौतुकच वाटलं.

या वर्षी तिला पुन्हा मुलगी झाली. चाळिशी जवळ आलेली, त्यामुळे सगळे धास्तावलेले. नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात मी तिच्याजवळ होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई मोठी बोलकी होती. माझ्या बहिणीची सगळी हकीकत तिने दोन दिवसांत काढून घेतली होती. बाळाला आणून बहिणीच्या कुशीत ठेवलं तसं ती उठून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “घे गं बाई. तुझी तीच परत आली.”

बहिणीने त्या बाईकडे पाहिलं. दोन वर्षांत तिने कशाकडेच तसं पाहिलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मी नंबर बघून माल घेणारी बाई, पण मीही त्या बाईला अडवलं नाही. उलट मनात म्हटलं, पडलं ना औषध लागू? मग कशाला हात लावायचा.

औषध मात्र वाढत गेलं. बहिणीला खुणा सापडायला लागल्या. “ताई, पायाचं दुसरं बोट बघ. अंगठ्यापेक्षा मोठं. तिचं तसंच होतं ना?”

तिचा नवरा बाजूला लंगोट घडी करत होता. त्याने मोजा काढला आणि पाय पुढे केला. “हे बघ. माझं पण तसंच आहे. दोघींनाही मीच दिलंय ते.”

“तुला काही कळत नाही,” ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने बाळाला पहिलीच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. नामकरणाचा रविवार ठरला. सोसायटीच्या तळमजल्याची खोली घ्यायची, मूर्तीपुढे घालायला पांढरं कापड, फुलं, मेणबत्त्या, चाळीस माणसांचं जेवण, बौद्धाचार्यांना आणायला रिक्षा, हे सगळं माझ्याकडे आलं. मी कामाला लागले. आमंत्रणाचा मेसेज लिहायला घेतला आणि नावाच्या जागी थांबले. बहिणीने सांगितलं होतं, “नाव काय विचारतेस? तेच.”

त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. दुकानातून बोलत होता, मागे मशीनचा आवाज येत होता.

“ताई, तुम्ही बोला तिच्याशी. मी बोललो की ती जेवत नाही.”

“तुझं काय म्हणणं आहे?”

“मला त्या नावाने हाक मारता येत नाही. तोंडातून निघतच नाही. मी पोरीला ‘ए’ म्हणतो.” मग म्हणाला, “मी स्वतःच्या मुलीला किती दिवस ‘ए’ म्हणू?”

मी शनिवारी डोंबिवलीला गेले. बहिणीने कपाट उघडून पहिलीचे लहानपणीचे फ्रॉक काढले होते. धुऊन, इस्त्री करून पलंगावर ओळीने ठेवले होते. बाळ जेमतेम महिन्याचं आणि एक फ्रॉक चार वर्षांच्या मुलीचा, पिवळा, खिशावर बदक. मला समोर जे दिसतं त्यावरच मी बोलू शकते, म्हणून मी कागदांवर बोलले. म्हटलं, एकाच आईबापाच्या दोन मुली एकाच नावाच्या नोंदल्या तर उद्या शाळेत अडेल, आधारला अडेल. पासपोर्ट काढायला गेली तर दहा प्रश्न विचारतील.

“तुझं कुठे अडलं?” ती म्हणाली. “त्याच दाखल्यावर तुला नोकरी लागली.”

“ते दिवस वेगळे होते.”

“दिवसांचं सोड. तू आहेस ना त्याच नावाची? तुला काय झालं? चांगली आहेस की. सगळ्यांचं करतेस.” ती बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत होती. “आईला तू परत मिळालीस ताई. मग मलाच का नको?”

माझ्या बहिणीला आपलं म्हणणं खरं करायला पुरावा हवा होता आणि तिचा पुरावा मीच होते, समोर खुर्चीत बसलेली, पोह्यांची बशी हातात धरून. मी पोहे संपवले आणि निघाले. स्टेशनला न जाता कल्याणची शेअर रिक्षा पकडली.

आई अजून त्याच चाळीत राहते. हलत नाही. मी गेले तेव्हा ती दारात बसून मेथी निवडत होती. मला बघून म्हणाली, “अवेळी कशी आलीस? सुट्टी आहे का ऑफिसला?”

“शनिवार आहे आई.”

“मग बस. त्या काड्या बाजूला कर.”

मी बसले आणि मेथी निवडायला घेतली. बहीण काय करते आहे ते सांगितलं. आईला थोडं माहीत होतं, नावाचं नव्हतं. मला वाटलं होतं ती लगेच उठेल, मोठ्याने बोलेल, आपल्यात हे बसत नाही म्हणेल. ती पानं खुडत राहिली. मग मी आयुष्यात कधी न विचारलेलं विचारलं. “तू माझ्यात तिला बघायचीस का?”

“बघायचे की,” आई म्हणाली. तिला तो प्रश्न अपेक्षित असावा तशी. “तुझ्या आजीनं म्हटलं आणि मला तेच पाहिजे होतं. वरवर मी म्हणत होते हे खोटं असतं. आत मात्र धरून बसले होते. सगळे म्हणायचे, हिला बघा, पोर गेलं तरी रडली नाही. कशाला रडू? माझी आलेली होती ना.”

“मग?”

“तिला गूळ फार आवडायचा. खडा दिला की डोळे मिटून चोखायची. तू जरा मोठी झालीस, बसायला लागलीस, तसा मी तुला गूळ दिला. तू थुंकलीस.” आईने हातातली जुडी खाली ठेवली. “पुन्हा दिला. पुन्हा थुंकलीस. मग मी तुला मारलं. वर्षाचं पोर. गालावर बोटं उठली. तू आधी रडलीच नाहीस, नुसती बघत राहिलीस माझ्याकडं. आणि मला कळलं, ही ती नव्हं. ही दुसरीच कुणीतरी आहे आणि मी तिला मारतेय.”

मी ती जुडी उचलून निवडायला घेतली.

“त्या दिवशी गेली ती,” आई म्हणाली. “आधी नव्हती गेली. त्या दिवशी रडले ती आठ दिस. लोकांना वाटलं, हिला आता काय झालं मधनंच.”

मला आजही गूळ आवडत नाही. चहात चालत नाही, पोळीत चालत नाही. ही एक आवड-नावड आहे असं मी समजत होते.

“आणि शिरा?” मी विचारलं.

“शिरा तिचाच. तिची तारीख. गुळाचा तू खायची नाहीस, म्हणून साखरेचा करायला लागले.”

आम्ही राहिलेली मेथी निवडून संपवली. आई उठली, हात धुतले, खुंटीवरची पांढरी साडी काढली. “चल. मला घेऊन चल तिच्याकडं.”

“आत्ता?”

“मग काय आमंत्रण पाठवणार आहेस?”

डोंबिवलीला पोचलो तर बाळ झोपलेलं. आईने ते तसंच उचलून मांडीवर घेतलं आणि मला सांगितलेली गोष्ट बहिणीला सांगितली, तितक्याच शब्दांत. उपदेश केला नाही. धर्माचं काही काढलं नाही. बहीण भिंतीला टेकून उभी होती. तिचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात, हातात दुधाचं पातेलं.

“मी नाही मारणार हिला,” बहीण म्हणाली.

“मी पण मारणार नव्हते,” आई म्हणाली.

बाळ जागं झालं, रडायला लागलं. बहिणीने घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. आई मला म्हणाली, निघू या. जिन्यात मी विचारलं, “ऐकेल का?” आई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. “ऐकलं तर रडंल,” ती म्हणाली. “आपण तिला रडायला सांगायला आलो होतो. ते सोपं आहे का?”

तो आठवडा मी तयारी करत राहिले. मेसेजमध्ये नाव न घालता ‘आमच्या कन्येचं नामकरण’ एवढंच लिहून पाठवलं. बहिणीने त्यावर हो किंवा नाही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. फोनवर आम्ही खुर्च्या आणि पुलावाबद्दल बोललो.

रविवारी खोली भरली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण झालं, पंचशील झालं. बौद्धाचार्य म्हातारे गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी पुण्यानुमोदनालाही तेच आले होते. त्यांनी बाळाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि म्हणाले, “आता मातेने मुलीचं नाव सर्वांना सांगावं.”

बहिणीने बाळाकडे पाहिलं, मग समोर. खोलीत पंखा फिरत होता. तिच्या नवऱ्याने मान खाली घातली होती. आईने माझा हात धरला होता की मी तिचा, मला आता आठवत नाही. बहिणीने नाव घेतलं. नवीन होतं. आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, तिने कधी ठरवलं तेही माहीत नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, “जरा मोठ्याने गं, इकडे पोचलं नाही.”

तिने पुन्हा नाव घेतलं, मोठ्याने, आणि नाव पूर्ण होता होता तिचा आवाज फाटला. ती रडायला लागली. जी बाई पुण्यानुमोदनाला आमटी विचारत फिरली होती ती बाळ मांडीवर घेऊन चाळीस माणसांसमोर तोंड उघडं टाकून रडली. बायकांनी फुलं टाकली, टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची मावशी म्हणाली, “आनंद झालाय हो तिला. साहजिक आहे.” बौद्धाचार्य मात्र थांबले होते. त्यांनी पुढचं म्हणायची घाई केली नाही. हात जोडून डोळे मिटून बसून राहिले, तिचं होईपर्यंत.

जेवणं आटोपली, खुर्च्या मोजून परत दिल्या. मी वर गेले तर बहीण पलंगावर बसली होती, डोळे सुजलेले. फ्रॉक अजून तिथेच, ओळीने.

“ताई, हे काय करू? देऊन टाकू का?”

असं काही विचारलं की मला बरं वाटतं. याचं उत्तर मला येतं. “देतेस कशाला? कापड चांगलं आहे. धाकट्या बहिणी मोठीचे कपडे घालतातच. तू माझे घातलेस की.”

“चालेल ना?”

“फ्रॉक चालतात.”

तिने पिवळा फ्रॉक उचलला, बदकाचा, आणि बाळाच्या अंगावर ठेवून बघितला. तो बाळाच्या पायांच्याही खाली गेला. “हा तुझ्या ताईचा,” ती बाळाला म्हणाली. “अजून वेळ आहे तुला.” आणि पुन्हा रडायला लागली. बाहेरून तिच्या नवऱ्याने बाळाला नव्या नावाने हाक मारली. जपून मारली, चटका बसतो का बघत मारल्यासारखी. मग पुन्हा एकदा मारली.

घरी जाताना रिक्षात माझ्या मनात ‘तुझ्या ताईचा’ एवढंच राहिलं होतं. मलाही एक ताई होती. इतक्या वर्षांत मी तिला कधी तसं म्हटलं नव्हतं. तिचं नाव घ्यायचं तर मला माझंच नाव घ्यावं लागलं असतं, आणि आपण आपल्याला हाक मारत नाही. सगळे म्हणाले ती परत आली, त्यामुळे तिची जागा कधी रिकामी झालीच नाही आणि मला माझी कधी मिळाली नाही. दोष कोणाचा नाही. आजीला नातीचं दुःख होतं आणि हातात तेवढे तीनच शब्द होते.

आमच्या कागदावरच्या तारखेला, म्हणजे तिच्या तारखेला, मी दर वर्षी कल्याणला जाते. या वर्षीही गेले. आई शिऱ्याचा रवा भाजत होती. साखरेचा डबा पुढे काढून ठेवलेला.

मी म्हटलं, “आई, गूळ घाल.”

“तुला नाही चालत.”

“तिला चालायचा ना. तिचाच आहे म्हणालीस.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग साखरेचा डबा मागे सरकवला, फळीवरून गूळ काढला आणि विळीवर चिरायला बसली. खूप वेळ चिरत होती. हळूहळू रवा करपायला लागला तेव्हा मीच उठून गॅस बारीक केला.

शिरा झाला. आईने दोन वाट्या भरल्या. मला आवडला नाही. वाटी मी संपवली.